हेडमास्तरकीची तयारी कधी आणि कुठून करायची?

म्हादईकाठची

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात मी १७ वर्षं गणित शिकवते. आमचे मुख्याध्यापक तीन वर्षांनी साठी पूर्ण करून निवृत्त होतील. ज्येष्ठता यादीत त्यांच्या खाली जे सर आहेत ते त्याच वर्षी त्यांच्याही चार महिने आधी जातात. त्यापुढचं नाव माझं.

मागच्या आठवड्यात संस्थेचे चेअरमन भेटले तेव्हा म्हणाले, "बाई, आता मनाची तयारी ठेवा." मनाची तयारी म्हणजे नेमकं काय करू, ते काही बोलले नाहीत. स्टाफरूममध्ये विषय काढला तर सगळ्यांचं म्हणणं एकच: "तुम्हाला काय करायचंय? वर्षं मोजा, ऑर्डर येईल."

मला हे पटत नाही. वर्गात उभं राहण्याआधी आपण बीएड केलं, सराव पाठ दिले, मागच्या बाकावर बसून कोणीतरी आपल्या चुका लिहून काढल्या. चारशे मुलांची शाळा मात्र एका सोमवारी सकाळी हातात येणार आणि त्यासाठी एकही सराव पाठ नाही?

ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगा. या तीन वर्षांत मी काय शिकू? एखादा कोर्स उपयोगी पडतो का? आणि एक मनातली भीती. नववीचं बीजगणित शिकवताना मला जे सुख मिळतं ते सोडून ऑफिसात बसणं मला जमेल का?

अबोली

ताई, अभिनंदन आधीच करून ठेवते. :)

पण खरं सांगू? ही पद्धतच चुकीची वाटते मला. आमच्या शाळेत पाच वर्षांत तीन मुख्याध्यापक झाले. प्रत्येकाकडे दीड-पावणेदोन वर्षं उरलेली. पहिले सहा महिने काम समजून घेण्यात, शेवटचे सहा महिने पेन्शनच्या कागदांत. मध्ये शाळेला काय मिळालं? ज्येष्ठता म्हणजे फक्त आधी रुजू झालेला माणूस. तो शाळा चालवू शकतो हे कशावरून? परीक्षा घ्या, मुलाखत घ्या, १० वर्षं अनुभव झालेल्या कोणालाही बसू द्या.

कारकूनकाका

अबोलीबाई, तुमचं दुःख कळतं. मी २८ वर्षं शाळेच्या ऑफिसात आहे, हेडक्लार्क म्हणून १३. ज्येष्ठतेने आलेले कच्चे हेडमास्तर मी पाहिलेत. पण ज्येष्ठता सोडली की दार कोणाला उघडतं तेही पाहिलंय. मुलाखत घेणार कोण? संस्थेचीच माणसं. मग कोणाचा भाचा, कोणाची सून. यादी भिंतीवर असते, सगळ्यांना दिसते, तिला कोणी आतून हात लावू शकत नाही. गरीब घरच्या शिक्षकाला तेवढाच आधार आहे.

आता म्हादईबाईंचा प्रश्न. माझं सरळ म्हणणं: तीन वर्षांतलं पहिलं वर्ष तुमच्या हेडक्लार्कच्या टेबलाजवळ घालवा. शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास. हेडमास्तरांना सांगून, त्यांची परवानगी घेऊन, म्हणजे कोणाच्या मनात काही यायला नको.

काय बघायचं? पगाराचं बिल कसं तयार होतं आणि शिक्षण खात्यातून कुठल्या त्रुटींसाठी परत येतं. सर्व्हिस बुक. आधी स्वतःचंच उघडा, रुजू झाल्याची तारीख, मान्यतेचा आदेश, रजा, वेतनवाढ, सगळं पानोपान वाचा. मग कॅशबुक. मग जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची कायमची नोंदवही.

जनरल रजिस्टरवर थोडं जास्त लिहितो, कारण गोव्यात याचं ओझं वेगळं आहे. आपल्याकडे चाळीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेला माणूस लंडनहून येतो आणि आई-बापाच्या नावाचं स्पेलिंग दाखल्यावर बदलून मागतो, कारण पोर्तुगीज नागरिकत्वाच्या कागदांशी ते जुळत नाही. माणूस रडकुंडीला आलेला असतो, गावचा असतो, ओळखीचा असतो. तरी रजिस्टरमध्ये आपल्या पेनाने खाडाखोड करायची नाही. नाव बदलण्यासाठी गोव्याचा १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, त्या वाटेने जाऊन कागद घेऊन या म्हणायचं. एका हेडमास्तरांनी दयेपोटी एक अक्षर बदललं होतं. दोन भावांचा जमिनीचा दावा लागला तेव्हा तो रजिस्टरचा कागद कोर्टात गेला आणि सर निवृत्तीनंतर दोन वर्षं तारखांना जात होते. चांगला माणूस. आजही आठवलं की वाईट वाटतं.

आणि कोऱ्या कागदावर सही कधीही नाही. मी मागितली तरी नाही.

म्हादईकाठची

काका, १७ वर्षांत मी माझं सर्व्हिस बुक एकदाही पूर्ण वाचलेलं नाही हे आत्ता लक्षात आलं. उद्याच बघते.

कायद्याचंबोला

दोघांच्या वादात एक गोष्ट राहून गेली. शाळा कुठल्या प्रकारची आहे त्यावर वाट ठरते, म्हणून आधी ते बघा.

अनुदानित शाळांना १९८४ चा गोव्याचा शालेय शिक्षण कायदा आणि त्याखालचे १९८६ चे नियम लागू होतात. ज्येष्ठता, पात्रता, बढती समिती, खात्याची मान्यता हे सगळं त्यात आहे. म्हादईताई, तो नियमांचा संच स्वतः वाचा. तुमची यादी दरवर्षी सहीसाठी फिरते ना? सही करण्याआधी तारखा तपासा. हरकत असेल तर त्याच वर्षी लेखी द्या. दहा वर्षं निमूट सही करून बढतीच्या वेळी भांडणारे लोक मी बरेच पाहिले, त्यांची बाजू न्याय्य असूनही लंगडी पडते.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचं वेगळं. घटनेच्या कलम ३० मुळे त्यांना मुख्याध्यापक निवडायचं स्वातंत्र्य आहे, पात्र शिक्षकांतून ज्येष्ठता बाजूला ठेवूनसुद्धा. सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एन. अम्मद प्रकरणात १९९८ साली हे स्पष्ट केलं. म्हणजे अबोली म्हणते तशी निवड गोव्यात काही शाळांत होऊ शकते.

गोपनीय अहवालाबद्दलही, म्हणजे वरिष्ठ आपल्या कामाबद्दल दरवर्षी लिहितात त्याबद्दल, सांगतो. सरकारी सेवेबाबत २००८ च्या देव दत्त निकालानंतर प्रत्येक शेरा संबंधित माणसाला कळवला पाहिजे असं ठरलं. तुमच्या अहवालात काय लिहिलं जातंय ते दरवर्षी विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही.

पेडण्याचा

मी सरकारी प्राथमिक शाळेत. आमच्याकडे हा प्रश्नच वेगळा आहे हो.

माझ्या शाळेत १४ मुलं, चार इयत्ता, एक शिक्षक. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला १५० च्या वर मुलं असली तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. म्हणजे पदाच्या हिशेबाने मी कधीच हेडमास्तर होणार नाही. पण सकाळी कुलूप मी उघडतो, हजेरी मी घेतो, यू-डायस म्हणजे शाळेच्या माहितीचा सरकारी तक्ता मी भरतो, छपरातून पाणी गळलं तर पंचायतीत मी जातो, पालकांची सभा मी घेतो आणि मधल्या सुट्टीत नळ बंद झाला का तेही मीच बघतो. गावातली म्हातारी माणसं मला "हेडमास्तर" म्हणतात. कागदावर मी साधा शिक्षक.

दोन वर्षांपूर्वी पटसंख्या ९ वर आली. शाळा बंद पडणार असं गावात बोललं जाऊ लागलं. मी दोन महिने संध्याकाळी घरोघर फिरलो. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आयांना सांगितलं, एक दिवस येऊन माझ्या वर्गात बसा. सहा जणी आल्या. त्यांतल्या तिघींनी मुलं पाठवली, मग शेजारच्या वाड्यावरून दोन आली. त्या वेळी मला कोणी विचारलं असतं की तू नेतृत्वाचं प्रशिक्षण कुठे घेतलंस, तर काय सांगणार होतो? गरज होती, केलं.

म्हणून म्हादईबाई, तुम्हाला सराव पाठ हवाय ना? एखाद्या मे महिन्यात माझ्यासारख्याच्या शाळेत येऊन प्रवेशाचे पंधरा दिवस बघा. मनापासून बोलावतोय.

अबोली

पेडण्याचा, वाचून डोळे भरले. तुमच्यासारख्याला बढतीची वाट नाही, हेच तर मी म्हणतेय.

मांडवी

मी बीएड कॉलेजात शिकवते, म्हणून कोर्सचं सांगते.

दिल्लीच्या नीपा या शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाच्या राष्ट्रीय संस्थेत २०१२ मध्ये शालेय नेतृत्वासाठी राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. त्यांनी २०१४ मध्ये अभ्यासक्रमाची चौकट काढली. त्यात सात क्षेत्रं आहेत: नेतृत्वाकडे बघायची दृष्टी, स्वतःचा विकास, अध्ययन-अध्यापन बदलणं, संघ बांधणं, नवे उपक्रम, पालक आणि समाजाशी भागीदारी, आणि प्रशासन. लक्षात घ्या, प्रशासन सातांतलं एक आहे. आपल्याकडे तेच सगळं समजलं जातं. त्यांचा ऑनलाइन कोर्स नोकरी सांभाळून करता येतो. इग्नूचा शैक्षणिक व्यवस्थापन आणि प्रशासनाचा पदव्युत्तर डिप्लोमाही आहे, त्यात व्यवस्थापनाची बाजू जास्त मिळते. शिवाय २०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. ते तास नुसते भरून काढू नका, यातले विषय निवडा.

पण कोर्सने एकच होतं: जे प्रश्न तुम्हाला पडणार आहेत त्यांना नावं मिळतात. उत्तरं शाळेतच सापडतात. कारकूनकाकांचा शनिवारचा अर्धा तास मी कुठल्याही डिप्लोमाच्या वर ठेवीन.

याच धोरणात आणखी एक गोष्ट आहे. चांगल्या शिक्षकाला वर चढण्यासाठी वर्ग किंवा टप्पा सोडावा लागू नये, त्याच टप्प्यावर राहून त्याची प्रगती व्हावी, असं त्यात म्हटलंय. पेडण्याचा यांच्यासारख्यांसाठी ही खरी वाट. ती प्रत्यक्षात यायला हवी, आणि त्यासाठी शिक्षक संघटनांनी पगारवाढीइतकाच जोर लावायला हवा.

काणकोणकर

इथे सगळे अनुदानित शाळांचं बोलतायत, म्हणून दुसऱ्या दोन वाटा सांगतो. तरुण शिक्षक वाचत असतील.

सरकारी हायस्कुलांत काही पदं बढतीने भरतात, काही थेट गोवा लोकसेवा आयोगाकडून. जाहिरातीवर लक्ष ठेवा. १५ वर्षांचा रहिवासी दाखला तयार ठेवा, कोकणी येणं आवश्यक असतं, मराठी आलेली इष्ट. संगणकावरची परीक्षा असते. माझ्या ओळखीतली एक शिक्षिका दुसऱ्या प्रयत्नात अशी लागली. तिने दोन वर्षं रोज पहाटे सेवानियम आणि वित्तीय नियम वाचले.

दुसरी वाट केंद्राच्या शाळांची. गोव्यात नवोदयाची दोन विद्यालयं आहेत, वाळपईला आणि आमच्या काणकोणात. तिथे प्राचार्य देशपातळीवरच्या भरतीने किंवा खात्यातल्या बढतीने येतात. पण बदली कुठेही होऊ शकते. मी स्वतः काही वर्षं गोव्याबाहेर अशा निवासी शाळेत होतो. प्राचार्यांना रात्री दोन वाजता मुलाला ताप आला म्हणून उठताना पाहिलंय. घरची साथ असेल तरच जा.

खाजें

निवासी शाळेचा ताप वाचून आमच्या शाळेतला माध्यान्ह आहार आठवला. विषयांतर होईल, पण सांगतेच.

आमच्याकडे महिला मंडळाच्या बायका भाजी-पाव आणतात. मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी चाखायचं असतं हा नियम. बहुतेक दिवस एक चमचा तोंडात घालून सही होते. एका श्रावणात हेडबाईंनी चाखलं आणि थांबल्या. पुन्हा चाखलं. मला बोलावलं, "तू बघ." किंचित आंबूस. पावसात तीन तास डब्यात राहिलेली भाजी. बाहेर १८० मुलं ताटं घेऊन बसलेली, मंडळाची बाई समोर उभी, तिचा चेहरा पडलेला, आणि बिलाचे पैसे तिला आधीच काही महिने मिळालेले नव्हते.

बाईंनी भाजी परत केली. शिपायाला बाजारात पाठवून केळी आणवली, पावासोबत तीच दिली. मंडळाच्या बाईला ऑफिसात बसवून चहा दिला आणि तिच्यासमोरच थकलेल्या बिलाचं स्मरणपत्र टाइप करून घेतलं. ती बाई आजही आमच्या शाळेला आहार देते आणि आता भाजी दहानंतर शिजवते.

हेडमास्तर कसा असावा म्हटलं की मला तो दिवस आठवतो.

पेडण्याचा

स्मरणपत्राची गोष्ट आवडली. ते कोणाला सुचत नाही.

तात्यांचानातू

विषयांतर चाललंच आहे तर माझंही घ्या. आमचे तात्या डिचोली तालुक्यात १९६४ साली हेडमास्तर झाले, वयाच्या २६ व्या वर्षी. गोवामुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव शाळा काढल्या, तेव्हा शिकवायलाच माणसं मिळत नव्हती, ज्येष्ठता कुठून आणणार? मॅट्रिक झालेला पोर मास्तर, आणि त्यातला धीट तो हेडमास्तर. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या खोल्यांत, वर्ग भरायचा. जत्रा आली की शाळा वडाखाली.

तात्या सांगायचे, पहिल्या वर्षी त्यांना सगळ्यात जास्त मदत केली ती शेजारच्या गावच्या हेडमास्तरांनी. दर रविवारी दोघं साखळीच्या बाजारात भेटायचे, चहा प्यायचे आणि आठवड्याच्या अडचणी सांगायचे. ते सर तात्यांपेक्षा फक्त एक वर्ष जुने. म्हादईताई, असा एक माणूस शोधा. आपल्याच शाळेतला नको, शेजारचा.

मडगावची_आई

मी शिक्षिका नाही. मुलगी आठवीत, आणि मी पालक-शिक्षक संघावर दोन वर्षं आहे. पालक म्हणून लिहू का?

२०२५ मध्ये शाळा जूनऐवजी एप्रिलमध्येच सुरू केल्या तेव्हा पालक किती चिडले होते आठवतंय ना? उन्हाळा, पाणी नाही, सुट्टीची तिकिटं काढलेली. निर्णय वरचा, पण आमचा राग गेटवर उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकेवर निघाला. मीही ओरडले. बाईंनी ऐकून घेतलं. खात्याचं परिपत्रक वाचून दाखवलं, त्यांच्या हातात काय आहे आणि काय नाही ते सांगितलं. मग म्हणाल्या, वर्गातल्या पंख्यांचं आणि पिण्याच्या पाण्याचं मात्र माझ्या हातात आहे, ते सोमवारपर्यंत करते. केलं.

आम्हाला एवढंच हवं असतं. काय हातात आहे ते खरं सांगा आणि ते करा. आणि मुलांची नावं माहीत असू द्या. माझ्या मुलीला बाईंनी जिन्यात नावाने हाक मारली तर ती दोन दिवस घरी सांगत होती.

जुनाफळा

फोंड्याकडच्या एका हायस्कुलात नऊ वर्षं मुख्याध्यापक होतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. धागा सकाळपासून वाचतोय. बाई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे कोणी वळलं नाही, तिथे येतो, पण त्याआधी दोन गोष्टी.

नियम, बिलं, रजिस्टर हे वर्षभरात येतं. मला जड गेलं ते वेगळंच. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांना आज उशिराबद्दल विचारायचं. माझा एक मित्र, १९ वर्षं आमचा डबा एकत्र. मी खुर्चीत बसलो त्या वर्षी तो आठवड्यातून तीनदा पंधरा-वीस मिनिटं उशिरा येऊ लागला. स्टाफ बघत होता मी काय करतो. मेमो टाइप करून घेतला, सही केली, आणि पाकीट खिशात ठेवून संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. बायकोचं डायालिसिस सुरू झालं होतं, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात तिला पहाटे सोडून तो शाळेत येत होता. कोणाला सांगितलं नव्हतं. ते तीन दिवस त्याचा पहिला तास काढून घेतला, बदल्यात शेवटचा दिला, आणि त्याच्या परवानगीने स्टाफ मीटिंगमध्ये कारण सांगितलं. तो मेमो माझ्या घरात अजून आहे. घरी न जाता टेबलावर ठेवला असता तर एक माणूस कायमचा तुटला असता.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची. एका शिक्षकाने सातवीच्या मुलाला पट्टीने मारलं, हातावर वळ उठले. मी पालकांना ऑफिसात बोलावलं, शिक्षकाला माफी मागायला लावली, मिटवलं. शाळेचं नाव जपलं असं वाटलं. वर्षभराने त्याच शिक्षकाने दुसऱ्या मुलाला जास्त मारलं. तेव्हा त्या पहिल्या मुलाचे वडील मला म्हणाले, "सर, तुम्ही त्या दिवशी मिटवलं नसतं तर हे झालं नसतं." उत्तर नव्हतं. गोव्याचा २००३ चा बाल कायदा आहे, शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ आहे, मारणं बंद आहे म्हणजे बंद आहे. आणि लैंगिक छळाची तक्रार कानावर आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखाने दडवलं तर त्यालाच शिक्षा आहे. बाई, हे तिन्ही कायदे खुर्चीत बसण्याआधी वाचा. संस्थेतलं कोणीतरी त्या दिवशी तुम्हाला नक्की म्हणेल, "आपसात मिटवा." तेव्हा ठाम राहायला आधीपासून माहीत असावं लागतं.

आता बीजगणित. सोडू नका. मी शेवटच्या दिवसापर्यंत आठवीचं मराठी आठवड्याला चार तास घेत होतो. वर्गात जाणारा मुख्याध्यापक शिक्षकांशी नव्या पुस्तकाबद्दल बोलतो तेव्हा ते ऐकतात. नववीला २०२४ पासून नवी रचना आली, किती विषय, किती मूल्यमापन. ते ज्याने स्वतः भोगलंय त्यालाच कळतं की कुठे शिक्षकाला सूट द्यायची आणि कुठे आग्रह धरायचा. आणि दिवस फार वाईट गेला असेल तर त्या पस्तीस मिनिटांत माणूस ताजा होतो. माझा अनुभव.

अबोली

सर, तुमच्या दोन्ही गोष्टी वाचून मी माझं म्हणणं थोडं बदलते. परीक्षेने मुलाच्या हातावरचे वळ बघायचं धैर्य मोजता येणार नाही. पण ज्येष्ठतेनेही येत नाही ना? निदान यादीतल्या पुढच्या दोन-तीन नावांना आधी दोन वर्षं कामं वाटून द्यावीत, असा नियम तरी असावा. नाव आहे म्हणून खुर्ची मिळू दे, पण तयारीशिवाय नको.

कारकूनकाका

याला माझी पूर्ण सही. वाचून केलेली. :)

कायद्याचंबोला

मोठ्या शाळांत साहाय्यक मुख्याध्यापकाचं पद असतं, ते खरं तर याचसाठी. प्रत्यक्षात त्यांना बदली तासांचं रजिस्टर आणि क्रीडादिनाचा मंडप एवढंच मिळतं. ज्या मुख्याध्यापकांची दोन-तीन वर्षं उरलीत त्यांनी हे वाचावं: तुमच्या मागे येणाऱ्याला खात्याच्या सुनावणीला, पर्वरीला शिक्षण खात्याच्या बैठकीला सोबत न्या. कारमध्ये एक जागा असतेच.

म्हादईकाठची

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. सगळ्यांचं पुन्हा पुन्हा वाचलं. देव बरें करूं.

सर्व्हिस बुक वाचलं. माझ्या पाच वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाच्या रजेची नोंदच नव्हती. काका, तुमच्यामुळे ती आता झाली.

मुख्याध्यापकांना सांगितलं की मला शिकायचंय. मला वाटलं त्यांना राग येईल, त्यांच्या खुर्चीवर डोळा आहे असं वाटेल. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी रात्री झोपत नव्हतो." आणि ड्रॉवरमधून पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकाची फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, यातून सुरू करा, शाळा इथे दिसते.

खरंच दिसते. कोणाला सलग चार तास आलेत, चित्रकलेचा तास दर वेळी शुक्रवारी शेवटचाच का, बालरथ, म्हणजे मुलांना आणणारी बस, कुठल्या वाड्यावर आधी जाते म्हणून कुठली मुलं पहिला तास अर्धा चुकवतात. हे शेवटचं मला १७ वर्षांत माहीत नव्हतं. डोंगरावरच्या दोन वाड्यांची अकरा मुलं रोज माझ्या बीजगणिताच्या सुरुवातीला नसायची आणि मी त्यांना आळशी समजत होते. त्या मुलांची मी माफी मागितली.

तिघे शिक्षक माझ्या कच्च्या वेळापत्रकावर नाराज आहेत. जुनाफळा सर, तुमच्या डब्याच्या गोष्टीचा अर्थ आता कळतोय. त्यांतल्या दोघांच्या घरी मी जाऊन आले. तिसरी माझी मैत्रीण आहे, तिच्याकडे जायचा धीर अजून होत नाही.

मे महिन्यात पेडण्याला येते. पेडण्याचा, तारीख कळवा.

पेडण्याचा

या या. प्रवेश एप्रिलपासूनच सुरू असतात आता, पण मेचा पहिला आठवडा घरोघरच्या भेटींचा असतो. पायात चांगल्या चपला घालून या, चढ आहे. जेवण आमच्याकडे.

मडगावची_आई

मैत्रिणीकडे आजच जा, ताई.

जुनाफळा

त्या अकरा मुलांचं काय केलंत?

म्हादईकाठची

सर, पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात नववीचं गणित पहिल्या तासाला ठेवलं नाही. माझा तास मी तिसरा घेतलाय, तोपर्यंत सगळे आलेले असतात. बालरथाचा मार्ग उलट फिरवता येईल का, ते ड्रायव्हरदादांशी बोलून बघतेय. मुख्याध्यापक झाल्यावर मात्र पहिला तास मीच घ्यावा म्हणते, म्हणजे सकाळीच शिकवून मोकळी होईन.

जुनाफळा

पहिला नको, बाई. पालक त्याच वेळी येतात, कामावर जाता जाता. त्यांना थांबायला वेळ नसतो. तिसराच ठेवा.